सोन नदीच्या काठाने : स्थिर चित्रापासून हलत्या चित्रापर्यंत

सोमवार : दिजोंमार्गे शालों

छायाचित्रण आणि चित्रपट या दोन्ही कलांच्या जन्माशी जोडलेली फ्रान्समधली दोन ठिकाणे एकाच नदीच्या वाटेवर आहेत आणि त्यांच्यात सुमारे सव्वाशे किलोमीटरचेच अंतर आहे, हे नकाशावर प्रथम लक्षात आले तेव्हापासून हा प्रवास करावा असे मनात होते. सोबतीला माझी थोरली बहीण होती. महाविद्यालयात तिने आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे या विषयाकडे ती कॅमेऱ्याच्या बाजूने न पाहता काचेवरच्या थराच्या बाजूने पाहते, आणि प्रवास पुढे सरकला तसतशी तिचीच बाजू मला अधिक पटत गेली.

पॅरिसहून निघून दिजोंला गाडी बदलली. या दिजों स्थानकाची एक दुःखद नोंद चित्रपटाच्या इतिहासात आहे. लुई ल प्रँस या फ्रेंच गृहस्थाने इंग्लंडमधल्या लीड्स शहरात 1888च्या ऑक्टोबरमध्ये, घराच्या बागेत फिरणारी आपली माणसे कागदी फिल्मवर टिपली होती. ती हलती चित्रे आजही पाहता येतात आणि ती चित्रपटाचे जनक मानल्या जाणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या किमान सहा वर्षे आधीची आहेत. 16 सप्टेंबर 1890 रोजी भावाचा निरोप घेऊन ल प्रँस दिजोंहून पॅरिसच्या गाडीत बसले, आणि त्यानंतर ते कोणालाही दिसले नाहीत. त्यांचे काय झाले याचा उलगडा आजवर झालेला नाही. ‘चित्रपटाचा शोध अमुक एकाने लावला’ असे वाक्य लिहिण्यापूर्वी या माणसाची आठवण ठेवणे मला आवश्यक वाटते.

शालोंला पोहोचेपर्यंत दुपार झाली. सोन नदी येथे रुंद आणि संथ आहे. काठावरच्या चौकात निसेफोर निएप्स यांचा पुतळा असून तेथून जवळच, जुन्या टपालगाड्यांच्या इमारतीत त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. निएप्स यांचा जन्म याच गावात 7 मार्च 1765 रोजी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते, आणि निसेफोर व त्यांचे बंधू क्लोद या दोघांनाही यंत्रांचा नाद होता. 1807 मध्ये या भावांनी अंतर्ज्वलन इंजिनाचे पेटंट मिळवले आणि त्या इंजिनाच्या जोरावर सोन नदीत नाव चालवून दाखवली. छायाचित्रणाच्या जनकाची ही दुसरी बाजू फारशी कोणाला माहीत नसते.

संग्रहालयात निएप्स यांचे मूळ कॅमेरे आहेत. साध्या लाकडाच्या पेट्या, पुढे भिंग, मागे प्लेट सरकवण्याची खाच, एवढाच सारा व्याप. अंधाऱ्या पेटीत छिद्रातून वा भिंगातून बाहेरचे दृश्य उलटे उमटते, हे चित्रकारांना शतकानुशतके ठाऊक होते. ते उमटलेले दृश्य तेथेच टिकवून कसे धरायचे, हा खरा प्रश्न होता. 1816 मध्ये निएप्स यांनी चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर चित्र उमटवले. पण ते काळ्याच्या जागी पांढरे असे उलट्या छटांचे होते आणि उजेडात आणले की सबंध कागदच काळा पडे. ताई त्या कपाटापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, चित्र काढणं त्यांना जमलं होतं. उजेडाला ‘आता पुरे’ सांगणं जमत नव्हतं.”

मंगळवार : सें-लू-द-व्हारेन

शालोंच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर सें-लू-द-व्हारेन हे खेडे आहे. हमरस्त्याच्या कडेला एक मोठे स्मारक असून, निएप्स यांनी या गावात 1822 मध्ये छायाचित्रणाचा शोध लावला, असे त्यावर ठळक अक्षरांत कोरले आहे. त्यांचे घर जवळच आहे. ते उन्हाळ्यातच पाहायला खुले असते, म्हणून आम्ही मुद्दाम जुलै महिना निवडला होता.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून निएप्स यांनी आपल्याच वाड्याचे अंगण टिपले. निसर्गातील दृश्याचे कॅमेऱ्याने घेतलेले आणि आज उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने छायाचित्र होय. त्याचा काळ 1826 वा 1827 असा मानतात. मूळ प्लेट आता अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम केंद्रात आहे. येथे पाहायला मिळते ती जागा, आणि ती पाहिल्यावर चित्र वाचता येऊ लागते. डावीकडे कबुतरखान्याचा मनोरा, मध्ये धान्यकोठाराचे उतरते छप्पर, त्यामागे एक झाड आणि फांद्यांमधून दिसणारा आकाशाचा लहानसा तुकडा. चित्रात अंगणाच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेले दिसते. एका क्षणी असे होणे शक्य नाही. पूर्वेचे ऊन आणि पश्चिमेचे ऊन एकाच प्लेटवर साठले आहे, कारण प्लेट किमान आठ तास उघडी होती. अलीकडच्या प्रयोगांवरून तर तिला कित्येक दिवस लागले असावेत असे मानले जाते.

या प्लेटचे रसायन चांदीचे नव्हते. निएप्स यांनी ज्यूडियाचे डांबर म्हणून ओळखले जाणारे खनिज डांबर लॅव्हेंडरच्या तेलात विरघळवले आणि कथिलाच्या मिश्रधातूच्या गुळगुळीत पत्र्यावर त्याचा पातळ थर दिला. जेथे उजेड पडेल तेथे हे डांबर कडक होते आणि जेथे पडत नाही तेथे मऊ राहते. मग लॅव्हेंडरचे तेल आणि खनिज तेल यांच्या मिश्रणाने पत्रा धुतला की मऊ भाग निघून जातो, खालचा धातू उघडा पडतो आणि तोच चित्रातील सावलीचे काम करतो. मार्गदर्शक बाईंनी आम्हाला आजच्या काळात याच पद्धतीने बनवलेली एक प्लेट हातात दिली. समोरून पाहिले तर नुसता आरशासारखा पत्रा. तिरपा करून खिडकीच्या उजेडात एका ठराविक कोनात धरला तेव्हा छपरांच्या कडा एकदम वर आल्या आणि मनगट जरा हलताच पुन्हा नाहीशा झाल्या. 1952 मध्ये लंडनमध्ये एका जुन्या पेटाऱ्यातून हेल्मुट गर्नशाइम या इतिहासकारांच्या हाती मूळ प्लेट आली, तेव्हा त्यांनाही ती अशीच तिरपी करून पाहावी लागली होती.

निएप्स यांच्या वाट्याला यश आले नाही. 1827 मध्ये ते इंग्लंडला गेले, तेथे आपले काम मान्यवरांपुढे ठेवण्याचा प्रयत्न केला. पण कृती गुप्त ठेवल्यामुळे रॉयल सोसायटीने त्याची दखल घेतली नाही. 14 डिसेंबर 1829 रोजी पॅरिसचे चित्रकार लुई दागेर यांच्याशी त्यांनी भागीदारीचा करार केला, आणि 5 जुलै 1833 रोजी याच गावी त्यांचे निधन झाले. सहा वर्षांनी फ्रेंच सरकारने ‘दागेरोटाइप’ या दागेर यांच्या छायाचित्र-पद्धतीची कृती जगासाठी खुली केली, तेव्हा दागेर यांना वर्षाला 6000 फ्रँकचे आणि निएप्स यांच्या मुलाला 4000 फ्रँकचे निवृत्तिवेतन ठरले. पद्धतीला नाव मात्र एकट्या दागेर यांचे लागले. दागेर यांची कृती निराळी आणि कितीतरी सरस होती हे खरे. तरीही हमरस्त्यावरचे ते स्मारक एवढे मोठे का बांधले गेले, ते हे आकडे वाचल्यावर समजते.

बुधवार : लिओं, मोंप्लेझीर

लिओंच्या मेट्रोत ‘मोंप्लेझीर-ल्युमिएर’ नावाचे स्थानक आहे. वर आले की समोर ल्युमिएर बंधूंचे वडील आंत्वान यांचा डौलदार वाडा दिसतो, आणि त्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याचे नाव ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ असे आहे. वाड्यात आता ल्युमिएर संस्थेचे संग्रहालय आहे.

येथे सर्वाधिक वेळ घालवावा अशी माझी शिफारस आहे, आणि सुरुवात सिनेमॅटोग्राफ या त्यांच्या चित्रपट-यंत्रापासून न करता काचेच्या प्लेटांपासून करावी. निएप्स यांचे कित्येक तास दागेर यांच्या पारा आणि आयोडीनने काही मिनिटांवर आणले. 1851 मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांच्या ओल्या कोलोडियनने (काचेवर द्यायच्या चिकट द्रावणाने) ते काही सेकंदांवर आणले. पण ती प्लेट ओली असतानाच वापरावी आणि धुवावी लागे. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरांनी जिलेटिनचा थर सुचवला, पुढच्या सात-आठ वर्षांत तो सुधारला, आणि एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू देण्याचा वेळ, सेकंदाच्या अंशावर आले. एका सेकंदात सोळा चित्रे घ्यायची तर प्रत्येक चित्राला सेकंदाचा सोळावा भागदेखील पुरता मिळत नाही, कारण त्यातला काही वेळ फिल्म पुढे सरकण्यात जातो. त्यामुळे यंत्र कितीही कुशलतेने बनवले असते, तरी 1850 सालच्या रसायनावर चित्रपट उभा राहणे अशक्यच होते. चित्रपटाच्या इतिहासात हँडल फिरवणाऱ्याचे नाव मोठे होते आणि थर बनवणाऱ्याचे मागे राहते, हे मला अन्यायाचे वाटते.

ल्युमिएर घराण्यात सुदैवाने दोन्ही कामे एकाच छपराखाली होती. आंत्वान मुळात चित्रकार आणि नंतर छायाचित्रकार. त्यांचा मुलगा लुई याने वयाच्या सतराव्या वर्षी, 1881 मध्ये, अतिशय जलद अशी कोरडी प्लेट तयार केली. ‘निळे लेबल’ या नावाने ती विकली जाऊ लागली आणि तिच्यावरच मोंप्लेझीरचा कारखाना वाढला. त्यामुळे 1894च्या शरद ऋतूत आंत्वान यांनी पॅरिसमध्ये एडिसनचा किनेटोस्कोप पाहिला, तेव्हा पेटीत डोकावणाऱ्या एकाच माणसाला दिसणारे चित्र पडद्यावर सर्वांना कसे दाखवता येईल, हा प्रश्न योग्य घरात येऊन पडला. फिल्म एकसारखी न सरकवता क्षणभर थांबवायची, उजेड द्यायचा, झडप लावायची आणि मग पुढे ओढायची, ही अडचण लुई यांनी शिवणयंत्रात कापड पुढे सरकवणाऱ्या रचनेवरून सोडवली. दोन नख्या फिल्मच्या छिद्रांत शिरतात, एक चौकट खाली ओढतात आणि मागे फिरतात. 13 फेब्रुवारी 1895 रोजी पेटंटचा अर्ज झाला. कपाटातले यंत्र प्रत्यक्षात शिदोरीच्या डब्याएवढेच आहे. त्यातच चित्रण होई, त्यातच प्रत निघे, आणि मागे दिवा ठेवला की तेच पडद्यावर चित्र फेके. एडिसनचा विजेवर चालणारा जड कॅमेरा कार्यशाळेतून हलत नव्हता, तर हे यंत्र आगबोटीत बसून जगभर गेले.

दुपारी आम्ही त्या जुन्या शेडमध्ये गेलो. कारखान्याचा बहुतेक भाग पाडला गेला. शेड मात्र 1994 मध्ये संरक्षित वास्तू ठरली आणि तिच्या आत आता चित्रपटगृह आहे. 19 मार्च 1895 रोजी कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे ठेवून कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार टिपले गेले. या चित्रपटाच्या तीन आवृत्त्या आहेत आणि एकीत एका घोड्याची गाडी, दुसरीत दोन घोड्यांची, तिसरीत घोडाच नाही, अशी त्यांची ओळख सांगतात. आम्ही त्या लागोपाठ पाहिल्या. लहान दारातून आणि मोठ्या फाटकातून बायका घोळक्याने बाहेर येतात, एक जण दुसरीचा झगा ओढते, एक कुत्रा इकडून तिकडे धावतो, सायकलवाले गर्दीतून वाट काढतात. एकाही आवृत्तीत कोणी थांबून कॅमेऱ्याकडे टक लावून पाहत नाही, आणि नंतरच्या आवृत्त्यांत फाटक रीळ संपण्याच्या बेताला मिटू लागते. म्हणजे मालकाने सूचना दिल्या होत्या आणि दृश्य पुन्हा पुन्हा घेतले होते; दिग्दर्शन या कलेच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू झाले होते, असे मानण्याला पुरेसा आधार येथे आहे. प्रत्येक रीळ सतरा मीटरचे, म्हणजे पन्नासेक सेकंदांचे.

त्याच वर्षी जूनमध्ये छायाचित्रकारांची परिषद लिओंत भरली. प्रतिनिधी सोन नदीतल्या बोटीतून उतरत असताना लुई यांनी त्यांना टिपले आणि दोन दिवसांच्या आत पडद्यावर दाखवले. उतरणाऱ्यांत ज्युल जान्सेन हे खगोलशास्त्रज्ञ होते. 1868च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते आपल्याकडे गुंटूरला आले होते, आणि 1874 मध्ये सूर्यावरून सरकणाऱ्या शुक्राची लागोपाठ चित्रे घेण्यासाठी त्यांनी फिरत्या प्लेटचा ‘छायाचित्रण रिव्हॉल्व्हर’ बनवला होता. त्यावरूनच एतियेन-झ्युल मारे यांना 1882च्या बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्याची कल्पना सुचली. उडत्या पक्ष्याची सेकंदाला बारा चित्रे तो घेत असे. चलच्चित्राच्या आजोबांपैकी एक जण असा स्वतःच चलच्चित्रात आला.

गुरुवार : लिओं, आणि संध्याकाळी दक्षिणेकडे

सकाळ रंगीत प्लेटांसाठी राखून ठेवली होती. ल्युमिएर बंधूंना चित्रपटापेक्षा आपला हा शोध अधिक मोलाचा वाटे. 1903 मध्ये पेटंट घेतलेली आणि 1907 मध्ये बाजारात आलेली ‘ऑटोक्रोम’ प्लेट बटाट्याच्या स्टार्चवर उभी आहे. स्टार्चचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून एकत्र मिसळायचे, काचेवर एकेरी थरात पसरायचे, मधल्या फटी काजळीने बुजवायच्या आणि त्यावर रुपेरी थर द्यायचा. एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो कण असतात. मागून उजेड दिलेल्या प्लेटवर भिंग धरले की बागेतल्या बाईची पांढरी टोपी तिरंगी ठिपक्यांत विरघळते आणि भिंग दूर केले की पुन्हा टोपी होते. मात्र रंगीत कण बराचसा उजेड अडवत असल्याने भर उन्हातही एक्स्पोजर पुन्हा सेकंदाच्या घरात गेले. म्हणून या चित्रांतली माणसे अशी निवांत बसलेली दिसतात. पॅरिसचे धनिक आल्बेर कान यांनी याच प्लेटा देऊन छायाचित्रकार जगभर पाठवले. 1913-14 मध्ये त्यांच्यापैकी एक भारतातही आला होता.

शुक्रवार : ला सिओता

मार्सेयजवळचे हे बंदर ल्युमिएर कुटुंबाचे उन्हाळ्याचे ठिकाण होते. स्थानक गावापासून बरेच दूर आहे. येणाऱ्या आगगाडीचे जगप्रसिद्ध चित्रण याच फलाटावर झाले. गाडी अंगावर येते आहे असे समजून प्रेक्षक पळत सुटले, ही कथा फार सांगितली जाते. तिला समकालीन भक्कम पुरावा मिळत नाही, आणि पॅरिसच्या पहिल्या जाहीर खेळात हा चित्रपट नव्हताच. मला त्यातले खरे नवल निराळे वाटते. गाडी लांबून तिरकी येते, इंजिन मोठे होत चौकटीबाहेर जाते आणि मग उतारू कॅमेऱ्याच्या अगदी जवळून चालू लागतात. कॅमेरा जागेवरून न हलता दूरचे, मधले आणि जवळचे असे तिन्ही प्रकारचे दृश्य पन्नास सेकंदांत मिळते. हा छायाचित्रकाराचा डोळा आहे.

समुद्रासमोर पिवळ्या दर्शनी भिंतीचे एदन थिएटर आहे. 1889 मध्ये ते नाटकांसाठी उघडले, 1899 मध्ये येथे ल्युमिएर यांचे चित्रपट दाखवले गेले, आणि बरीच वर्षे पडीक राहिल्यानंतर 2013 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. रात्रीच्या गाडीने पॅरिसला आलो.

शनिवार : ब्री-सुर-मार्न

दागेर यांच्यावर या प्रवासात अन्याय होऊ नये म्हणून उपनगरी गाडीने ब्रीला गेलो. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी येथे काढली आणि 1851 मध्ये येथेच ते वारले. गावच्या साध्या चर्चमध्ये वेदीमागे त्यांनी 1842 मध्ये रंगवलेला दिओरामा, म्हणजे उजेडाच्या बदलाने पालटत जाणारे भव्य चित्र, आहे. त्यांच्या दिओरामांपैकी हा एकच उरला. वरून येणारा उजेड कमीजास्त झाला की सपाट कापडावरचे खांब खोल आत जाऊ लागतात. दागेर हे मुळात प्रेक्षकांना अंधारात बसवून उजेडाचा खेळ दाखवणारे कलावंत होते, हे येथे कळते. 1838 मध्ये त्यांनी टिपलेल्या पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्यावर घोडागाड्या, माणसे काहीच उमटले नाही. बूट पुसून घ्यायला एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. ताईने त्या चित्राची प्रत वहीत चिकटवली आणि खाली तिच्या शिक्षकी अक्षरात एक्स्पोजरची मिनिटे लिहून ठेवली.

रविवार : पॅरिसचे बुलव्हार

ग्रेव्हँ संग्रहालय आजही मेणाच्या पुतळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. 28 ऑक्टोबर 1892 पासून येथे एमिल रेनो यांनी हाताने रंगवलेल्या चित्रांच्या लांब पट्ट्या फिरवून पडद्यावर हलती गोष्ट दाखवायला सुरुवात केली. त्यात कॅमेरा नव्हता, पण पडदा होता, कथा होती, संगीत होते आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक होता. ल्युमिएर यांच्या यंत्रापुढे रेनो यांचा टिकाव लागला नाही आणि उत्तरायुष्यात निराश होऊन त्यांनी आपल्या बहुतेक पट्ट्या सेन नदीत टाकल्या. त्याच 1892 साली कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रे जादूच्या कंदिलाने हलवून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ करू लागले होते, हे या दारात उभे असताना आठवल्यावाचून राहिले नाही.

तेथून चालत बुलव्हार दे काप्युसीनवर आलो. 35 क्रमांकाच्या इमारतीत छायाचित्रकार नादार यांचा स्टुडिओ होता. समोरच्या बाजूला, 14 क्रमांकावर, ग्राँ काफेचे तळघर होते. त्या दालनाचे नाव ‘भारतीय दालन’. 28 डिसेंबर 1895 रोजी तेथे एक फ्रँक देऊन तेहतीस प्रेक्षक आले. दहा चित्रपट, मिळून वीसेक मिनिटे. काफेच्या मालकाने उत्पन्नातला पाचवा हिस्सा नाकारून रोजचे तीस फ्रँक भाडे पसंत केले होते. त्या संध्याकाळी हजर असलेल्या जादूगार जॉर्ज मेलिएस यांनी यंत्र विकत मागितले आणि त्यांना नकार मिळाला. बाळाला भरवतानाच्या चित्रपटात लोकांचे लक्ष बाळाइतकेच मागच्या झाडाच्या हलणाऱ्या पानांकडे गेले, अशी आठवण सांगितली जाते. रंगवलेल्या पडद्यावरची पाने कधी हलत नसत.

भिंतीवरचा स्मृतिफलक वाचून आम्ही पलीकडच्या फुटपाथवर बसलो आणि मुंबईच्या तारखा जुळवल्या. त्या संध्याकाळनंतर साडेसहा महिन्यांच्या आत, 7 जुलै 1896 रोजी, ऑस्ट्रेलियाकडे निघालेले ल्युमिएर यांचे प्रतिनिधी मारिउस सेस्तिए यांनी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून खेळ केला. त्यात आगगाडी होती, पाडली जाणारी भिंत होती आणि मोंप्लेझीरच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगारही होते. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलवावे लागले. मुंबईत छायाचित्रांचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मग विलायतेहून कॅमेरा मागवला, 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, आणि केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे डिसेंबर 1901 मधले स्वागतही फिल्मवर घेतले.